एका इंजिनाचे दोन आकडे

१९७१ साली शेवरोलेने आपल्या कॉर्व्हेट गाडीच्या एकाच इंजिनासाठी दोन आकडे दिले. ३५० घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं, मूळ व्ही-८ इंजिन एका मापाने २७० हॉर्सपॉवरचं होतं, दुसऱ्या मापाने २१०. पुढच्या वर्षी मोठा आकडा छापणं बंद झालं आणि उरला तो २००. अनेक शौकिनांना हा ऱ्हास वाटला. मला त्यात एका उद्योगाला आलेली जाग दिसते.

पहिलं माप ‘ग्रॉस’. त्यात इंजिन गाडीबाहेर, चाचणीच्या बैठकीवर चालवत. त्याला अल्टरनेटर नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. दुसरं माप ‘नेट’. गाडीत जे जे ओझं इंजिनाला ओढावं लागतं, ते सगळं लावून घेतलेलं. ग्राहकाच्या वाट्याला येई ते हे दुसरं इंजिन. पहिलं फक्त माहितीपत्रकात धावत असे.

अर्थात हॉर्सपॉवर हे माप जन्मलंच बाजारात. घोड्यांवर गिरण्या चालवणाऱ्यांना वाफेचं यंत्र विकायचं, तर ते किती घोड्यांचं काम करील हे सांगणं जेम्स वॉटला भाग होतं. म्हणून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक घोडा, असं त्याने ठरवलं. आकड्याला विकण्याची घाई पहिल्यापासूनच चिकटलेली आहे, आणि ती आकडा नेहमी फुगवतेच असंही नाही. १९६७ च्या कॉर्व्हेटमधल्या एल-८८ या शर्यतीच्या इंजिनाची शक्ती शेवरोलेने ४३० हॉर्सपॉवर सांगितली, त्याच वर्षीच्या ४३५ च्या इंजिनापेक्षा कमी. प्रत्यक्षात ती पाचशेच्या वर होती. हीटर आणि रेडिओ नसलेली ही गाडी रोजच्या वापराची नव्हती. कागदावरचा लहान आकडा साध्या ग्राहकाला तिच्यापासून दूर ठेवत असे.

पण १९७० ते ७१ या वर्षात जे घडलं, ते नुसतं मापाचं नव्हतं. याच मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ वरून ८.५ वर आणलं गेलं आणि ग्रॉस मापानेच ३०० चे २७० झाले. कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितकी शक्ती जास्त. पण मग पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिन ठोकू लागतं. १९२० च्या दशकापासून अमेरिकेने हे ठोकणं पेट्रोलात शिसं मिसळून थांबवलं होतं. तेच शिसं धुरातून माणसांच्या रक्तात जात होतं. शिवाय धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो. म्हणून इंजिनांना आधी बिनशिशाच्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलची सवय लावणं आवश्यक होतं.

कॉम्प्रेशन उतरवण्याचा हा निर्णय रेटणाऱ्यांत शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल होते. १९५५ चं शेवरोलेचं लहान व्ही-८ त्यांच्याच नेतृत्वाखाली घडलं. १९५७ मध्ये त्याच घराण्यातल्या २८३ घनइंचांच्या इंजिनाने २८३ हॉर्सपॉवर गाठली, म्हणजे दर घनइंचाला एक. कॉर्व्हेटचं ३५० हेही त्याच वंशातलं. आपणच वाढवलेलं बळ आपल्याच हाताने कमी करायला तयार झालेला हा अभियंता मला त्याच्या विक्रमांहून मोठा वाटतो. धूर स्वच्छ करण्याच्या कायद्याचा रेटा होता, हे खरं. पण रेट्याखाली वाट शोधणं आणि नुसतं कुरकुरणं यांत फरक आहे.

१९७५ मध्ये कॉर्व्हेटचं मूळ इंजिन १६५ वर आलं. त्याच दशकाच्या उत्तरार्धात, पेट्रोलातलं शिसं घटत गेलं तसं अमेरिकी माणसांच्या रक्तातलं शिसंही झपाट्याने उतरलं. गाड्यांच्या तक्त्यात या लाभाला रकाना नाही. २०२५ च्या कॉर्व्हेट झेडआर-१ चे १,०६४ हॉर्सपॉवर मात्र नेट मापाचे आहेत, बिनशिशाच्या पेट्रोलवरचे आणि कन्व्हर्टरसकट मिळवलेले. संयमाने शक्ती कायमची संपली नाही. ती अधिक विचारपूर्वक कमवावी लागली. म्हणून कुठल्याही सामर्थ्याचा आकडा समोर आला, की दोन प्रश्न विचारावेत: मोजताना काय काय काढून ठेवलं होतं, आणि त्याची किंमत कुणाच्या शरीराने मोजली? त्यांची उत्तरं देऊनही जो आकडा टिकतो, तोच अभिमानाने सांगावा.