देवाला बैलांची पर्वा आहे काय?

मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधण्यास अनुवाद 25:4 मध्ये मनाई आहे. पौल 1 करिंथ 9:9 मध्ये त्यावरूनच हा प्रश्न विचारतो आणि ती आज्ञा सुवार्तिकांच्या हक्काकडे वळवितो. आम्ही उपदेशक तेवढेच सांगतो आणि बैलाला खळ्यावर सोडून पुढे जातो.

प्रियजनहो, त्या बैलाकडे जरा परत जाऊ. कृष्णाखोरी ही जात सांगलीकडच्या संस्थानिकांनी 19व्या शतकाच्या उत्तरार्धात गीर, ओंगोल, कांकरेज व गावरान जनावरांच्या संकरातून घडविली, ती काळ्या चिकट रानात नांगर ओढण्यासाठी. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, सैल कातडी, मोठ्या घामाच्या ग्रंथी. आपल्या उन्हाला साजेसे हे शरीर. ट्रॅक्टर आला आणि ही जात दुर्मिळ झाली. गोठ्यात जर्सीचा संकर आला. त्या दुधावर एखाद्या विधवेच्या मुलांची फी भरली जाते, म्हणून त्याला मी नावे ठेवणार नाही. (ओंगोलचे वंशज मात्र ब्राझीलमध्ये ‘नेलोर’ नावाने लाखोंनी आहेत, तेही मांसासाठी.)

पण ज्याचे काम संपले, त्याचे आपण काही देणे लागतो काय? मला वाटते, लागतो. अनुवाद 5:14 मध्ये शब्बाथाचा विसावा बैलालाही आहे, आणि त्या दिवशी तर तो काहीच कमावीत नाही.

संडे-स्कूलमध्ये योनाची गोष्ट आपण माशापाशी संपवितो. शेवटच्या वचनात निनवेच्या 1,20,000 हून अधिक माणसांबरोबर देवाने गुरेही मोजली आहेत. तेवढे वचन मुलांकडून वाचून घ्यावे.