दुसऱ्यांदा विसरलेलें मूल

क्रिस कोलंबस यांचा १९९० सालचा 'होम अलोन' हा बोलपट पाहून आम्ही मनमुराद हंसलों होतों. पॅरिसला निघालेलें कुटुंब घाईगर्दींत आठ वर्षांच्या केव्हिनला शिकागोजवळच्या घरींच विसरतें. चूक ध्यानांत येतांच आई जिवाच्या आकांतानें परतते, आणि आपण तिला क्षमा करतों. १९९२ च्या दुसऱ्या भागांत विमानतळावर तो पोर बापासारखा कोट घातलेल्या परक्यामागून जातो. कुटुंब फ्लॉरिडास, मूल न्यूयॉर्कला! चोर तेच, फजितीही तीच. मग उणें काय? पहिलें विस्मरण हा अपघात होता. दुसरें पाहून तो घरचा स्वभावच वाटूं लागतो. ज्या पश्चात्तापानें कांहींच शिकविलें नाहीं, त्यास क्षमा किती वेळां करावी? त्या आईचे अश्रू याही वेळीं खोटे नव्हते. म्हणून तर आम्हांस हंसवेना.