आईची खोली आणि माझी अभिरुचि

आवडीनिवडीच्या बाबतींत वाद घालूं नये, असें पुष्कळजण म्हणतात. पण घर रंगवावयास काढलें कीं त्याच मंडळींत जो वाद माजतो तो पाहण्यासारखा असतो. आमच्या घरीं प्रश्न अवघ्या एका खोलीचा होता. आईचें वय ८२. तिला भिंती निळ्या हव्या होत्या. तिच्या माहेरीं दिवाळीपूर्वीं चुन्यांत नीळ कालवून भिंतींना हात देत, तशा. "खोली अंधारी दिसेल," मीं म्हटलें, आणि सौंदर्यशास्त्रावर वर्षानुवर्षें व्याख्यानें दिलेल्या माणसाच्या अधिकारानें सायीचा रंग निवडला. "तुला आवडेल तो दे रे," ती म्हणाली. ही संमति आहे, असें मी समजलों.

तीन महिन्यांनीं तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढला. घरीं आल्यावर ती अंथरुणावर बसून एकेक डोळा हातानें झांकी आणि भिंतीकडे पाही. "ह्या डोळ्यानें पांढरी दिसते, त्यानें पिंवळी. मग खरी कोणती रे?"

उत्तर मला पाठ होतें. किरणांना स्वतःचा रंग नसतो, रंगाची जाणीव उत्पन्न करण्याची शक्ति मात्र असते, हें न्यूटननें १७०४ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत सांगितलें आहे. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिंवळट होऊन निळे किरण अडवूं लागतें. क्लोद मोने या चित्रकारालाहि हाच विकार होता. १९२३ सालीं त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. हें सारें मीं आईला समजावून सांगितलें, आणि सांगतां सांगतां ध्यानांत आलें कीं मीं निवडलेला सायीचा रंग तिला आजवर दिसलाच नव्हता.

निळा दिला असता तरी तो तिला मळकाच दिसला असता, हें खरें. पण तो तसा पाहून त्यांत माहेरची भिंत ओळखावी कीं ओळखूं नये, हें ठरविणें माझें काम नव्हतें. मुलाला इच्छेविरुद्ध औषध पाजण्याचा अधिकार आपणांस असतो, कारण औषधाचा गुण त्याच्या आवडीवर अवलंबून नसतो. भिंतीच्या रंगाला पाहणाऱ्याच्या सुखापलीकडे निराळा गुण तो कोणता? तेथें दुसऱ्याच्या हिताची भाषा करणारा आपल्या आवडीलाच हित म्हणत असतो. संस्कृतांत 'राग' म्हणजे रंग आणि 'राग' म्हणजे आसक्तिहि. माझ्या निवडींत दुसरा अर्थच अधिक होता, आणि ती आसक्ति माझ्या स्वतःच्या मतावर होती.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढल्या महिन्यांत आहे. त्यानंतर भिंती निळ्या करूं, असें मीं काल तिला म्हटलें. "राहूं दे. आतां आहे तोच बरा दिसतो," ती म्हणाली. खरोखर बरा दिसतो, कीं पुन्हां खर्च नको म्हणून ती तसें म्हणाली? रंगाऱ्याला निरोप धाडावा कीं न धाडावा, या विचारांत मी आहें.