थांबायला निमित्त

मुंबईत नुसतं उभं राहायलाही कारण लागतं. बसची वाट बघताय, सिग्नल लागलाय, वडापावचा नवा घाणा उतरतोय, असं काहीतरी. काहीच कारण नसताना फुटपाथवर थांबलेला माणूस एक तर वाट चुकलेला असतो, नाहीतर लोकांना त्याचा संशय तरी येतो. बोरा बाजारातून एक वापरलेला कॅमेरा आणि पन्नास मिलिमीटरची लेन्स घेतली, तेव्हा पहिला लाभ झाला तो हाच. गळ्यात कॅमेरा असला की माणसाला बिनकामाचं थांबता येतं. लोक वळसा घालून जातात. एखादा तर आपण फोटोत येऊ नये म्हणून वाकून पुढे सरकतो, आणि एवढी अदब या शहरात मला एरवी कुणी दाखवलेली नाही.

थांबल्यावर सगळ्यात आधी दिसायला लागतं ते ऊन. आपल्याला लोकलचं वेळापत्रक पाठ असतं, सूर्याचं नसतं. बोरीबंदरला रोज उतरणाऱ्याला विचारा, स्टेशनच्या दर्शनी भागावर ऊन कधी येतं? त्याला सांगता येणार नाही, कारण सकाळी तो त्या इमारतीकडे पाठ करून निघतो आणि संध्याकाळी मान खाली घालून आत शिरतो. स्टेशनचं तोंड पश्चिमेला. त्यामुळे सकाळी ती सगळी नक्षी, ते कोरलेले प्राणी-पक्षी सावलीत झोपलेले असतात आणि समोर महापालिकेचा मनोरा उजळलेला असतो. दिवस कलला की पाळी बदलते. दोन्ही इमारती एकाच वास्तुकाराच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्टेशन १८८८ साली पुरं झालं, महापालिका १८९३ साली. उन्हाची वाटणी त्याने ठरवून केली असेल असं मी म्हणत नाही. चौकाच्या आकारानेच ती करून टाकली असावी. पण हे एकदा डोळ्यांत बसलं की सकाळी स्टेशनचा फोटो काढणाऱ्या पर्यटकाची कीव येते.

मेच्या मध्यावर मुंबईत भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. फोटोसाठी याहून वाईट वेळ नाही. कपाळ पांढरं फटक आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार. लख्ख उन्हासाठी फिल्मच्या काळापासून एक सोपा आडाखा चालत आला आहे : अॅपर्चर एफ १६, आणि आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तो वापरला की फोटो अचूक येतो, पण माणूस भाजून निघाल्यासारखा दिसतो.

उलट पावसाळा. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा, असं जाणते सांगतात. बुरशीची भीती खरीच आहे, लेन्सच्या आत एकदा जाळं धरलं की ते काढणं सोपं नसतं. तरी मला पटत नाही. ढगांनी भरलेलं आकाश उजेड सगळीकडे सारखा पसरवतं. सावल्यांना धार राहत नाही, चेहऱ्यावर कुठे काळोख साचत नाही. ओल्या डांबरावर बेस्टचा लाल रंग उतरतो. मुंबईकराचा खरा चेहरा जुलैत दिसतो असं माझं मत आहे, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅमेरा गुंडाळून, लेन्सपुरतं भोक पाडून बनवलेलं मत आहे.

ही हौस या शहरात नवी नाही. दागेरच्या छायाचित्रणाच्या तंत्राची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिलीसुद्धा. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी, तेही डॉक्टर, उत्तम फोटो काढत. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर रसायन लावायचं आणि ती ओली आहे तोवर, दहा-पंधरा मिनिटांत, फोटो घेऊन धुऊनही टाकायचा. अंधारा तंबूच बरोबर न्यावा लागे. आणि आपण बॅटरी संपली म्हणून कुरकुरतो.

मला मात्र जास्त जवळच्या वाटतात छायाचित्रकार होमाई व्यारावाला. त्यांचं नाव काढलं की नेहरू आणि माउंटबॅटन यांचे फोटो डोळ्यांपुढे येतात. पण त्याआधी, जे. जे. कलाशाळेत शिकत असताना, त्या मैत्रिणी, रस्ते, रोजची मुंबई टिपत होत्या. सुरुवातीचे ते फोटो पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशा व्यारावालांच्या नावाने छापून येत. कुणी मोठा माणूस समोर नसतानाची ती नजर मला त्यांच्या दिल्लीतल्या फोटोंइतकीच मोलाची वाटते.

माणसांचे फोटो घेताना मन अडखळतं, आणि अडखळावं. संध्याकाळी फोटोला हवं तसं तिरपं सोनेरी ऊन उतरतं ती हमालाच्या थकव्याचीही वेळ असते. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो मी घेत नाही. त्याला नाही म्हणायची सोयच नसते. जागा असेल त्याला विचारतो. स्टेशनबाहेरच्या एका मोचीकाकांना असंच विचारलं, ते हो म्हणाले. अॅपर्चर पुरतं उघडून, एफ १.८ वर, फोटो घेतला : हातातला टाच ठोकलेला बूट आणि चेहरा लख्ख, मागचं सगळं विरघळलेलं. पन्नासची लेन्स लोक घेतात ते याच करामतीसाठी. मी प्रिंट काढून नेऊन दिली. त्यांनी ती हात लांब करून पाहिली.

"साहेब, मी आलोय चांगला. पण माझं दुकान कुठंय?"

"हे काय, मागे."

"मागचं तर सगळं पुसलंत की तुम्ही."

फोटो मला अजूनही आवडतो. पण त्यांचंही चुकत नव्हतं. मागे त्यांची पेटी होती, खिळ्यावर टांगलेले पट्टे होते, परवान्याचा नंबर रंगवलेली पाटी होती. नंबर त्यांनी बोट ठेवून दाखवलाही. मी ज्याला पार्श्वभूमी म्हणत होतो तो त्यांचा धंदा होता. दुसरा फोटो अॅपर्चर बारीक करून, एफ ८ वर घेतला. त्यात पेटी आली, पट्टे आले, पाटीवरचा नंबर वाचता येतो. शिवाय फास्ट लोकल गाठायला पळणाऱ्या एका बाईंची अर्धी पर्सही आली आहे. ती काढून टाका असं काका अजून तरी म्हणालेले नाहीत.