सध्या नवीन काय?

कादंबरी छापून येते, चार फोन येतात, आणि पंधरा दिवसांत प्रश्न सुरू होतो: "मग, सध्या नवीन काय?" विचारणाऱ्याला वाटतं, दोन पुस्तकांच्या मधे कादंबरीकार खिडकीशी बसून चिंतन करत असणार. मी त्या काळात मुख्यतः उत्तरपत्रिका तपासल्या.

मराठी कादंबरीकाराचा हा मधला काळ पगारावर उभा असतो. ही गोष्ट आपण लेखकपरिचयात एका ओळीत उरकतो. श्री. ना. पेंडसे मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरीला होते. 'गारंबीचा बापू' 1952चा, 'रथचक्र' 1962चं. कोकणातली ती सगळी माणसं मुंबईतली कचेरी सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून उतरली. 'तुंबाडचे खोत' 1987 साली आलं तेव्हा पेंडसे पंच्याहत्तरीला टेकले होते. भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' 1979ची आणि 'हिंदू' 2010ची. एकतीस वर्षं! वाट पाहून वाचक चेष्टेवर आले. पण त्याच काळात 'टीकास्वयंवर' आलं, त्याला साहित्य अकादमी मिळालं, शिवाय विद्यापीठातलं शिकवणं होतंच. प्राध्यापकाचा पगार एक तारखेला जमा होतो, म्हणून प्रकाशकाला "थांबा" म्हणता येतं. ज्याला आपण साहित्यिक संयम म्हणतो, त्यात प्रॉव्हिडंट फंडाचा वाटा मोठा असतो.

हे पटत नसेल तर उद्धव शेळके आठवा. 1960 साली 'धग' लिहिली. तिच्यातल्या कौतिकसारखी बाई मराठी कादंबरीत पुन्हा सहजी भेटली नाही. पुढे त्यांनी लेखणीवर घर चालवलं आणि लोकप्रिय कादंबऱ्यांचा रतीब घालावा लागला. समीक्षकांनी नाकं मुरडली. मला ती मुरडलेली नाकं जरा जास्तच निवांत वाटतात. एकतीस राहू द्या, पाच वर्षं जरी शेळक्यांना कुणी घरखर्चाच्या काळजीतून मोकळं केलं असतं, तर? त्यांना मधला काळ परवडलाच नाही.

माझा परवडला, पण तो तसा दिसत नसे. मे महिन्यात जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. बायको म्हणायची, "आमटी लांब ठेवते, पोरांच्या मार्कांवर सांडेल." जूनमध्ये दिवाळी अंकांचे फोन सुरू, "सर, तीन हजार शब्दांत काहीतरी द्या ना." कादंबरीच्या वहीतलं एखादं प्रकरण तोडून, त्याला शेवट चिकटवून, मी कथा म्हणून दिलं आहे. पुन्हा वहीत ते कधीच नीट बसलं नाही. एकदा वर्षभराची रॉयल्टी आली ती मंडईच्या एका फेरीत संपली. मेथी स्वस्त होती म्हणून पुरली.

एका गठ्ठ्यात एक उत्तर अर्धवट सुटलेलं होतं. खाली घाईच्या अक्षरात: "सर, शेवटची एसटी चुकेल, माफ करा." मुलगी की मुलगा, कळायला मार्ग नव्हता, वर नुसता बैठक क्रमांक. होतं तेवढ्याचे गुण दिले. ते वाक्य मात्र वहीत उतरवून घेतलं आणि पुढचा पेपर ओढला. त्या एसटीत कोण बसलं असेल, हे ठरवायला मला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत कुणी "सध्या नवीन काय?" विचारलं की मी म्हणायचो, "काही नाही, पेपर तपासतोय."