खोली देण्यापूर्वी



हिंगण्याला एम.आय.डी.सी. आली, बाहेरगावचे कामगार आले आणि आपल्यापैकी काहींनी मागे दोन खोल्या काढून त्या भाड्याने दिल्या. चांगले झाले. पण मागच्या महिन्यात एक तरुण कामगार आमच्या ओळीत खोली पाहायला आला. घरमालक आपलेच उपासक. दारावर पंचशील ध्वज, भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब. भाडे ठरले, मग नाव विचारले. नाव मुसलमानी निघाले आणि खोली 'कालच दिली' झाली!

मी विचारले तर म्हणाले, "गुरुजी, आमचं काही नाही हो, शेजारी काय म्हणतील?"

हे उत्तर आपल्या ओळखीचे नाही काय? नागपुरात शिकत असताना माझे आडनाव ऐकताच खोल्या अशाच 'दिलेल्या' निघत. 1917 साली बडोद्यात परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढले गेले. मग एका मित्राने नोकरांची सबब सांगितली, दुसऱ्याने पत्नीची. स्वतःच्या मनातला विटाळ कोणीच कबूल केला नाही.

तुम्ही म्हणाल, मुसलमानांनी तरी आपल्याला कोठे जवळ केले? खरे आहे. 1934 साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी बाबासाहेबांच्या काही सोबत्यांनी हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले, तेव्हा 'पाणी बाटवले' म्हणून आरडाओरडा करणारे मुसलमानच होते. बाबासाहेबांनी ते लपवले नाही, स्वतः लिहून ठेवले. पण त्या म्हाताऱ्याचा राग हिंगण्यात खोली शोधणाऱ्या पोरावर काढायचा, हा कोणता न्याय? बाबासाहेबांनी तेथेच त्यांना विचारले होते, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? आज तोच प्रश्न कोणी आपल्याला विचारला तर?

आणि द्वेष माणूस पारखून घेत नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एका शीख पेट्रोलपंपवाल्याला गोळी घातली गेली. पगडी पाहिली, एवढे पुरे झाले. मुंबईत 1992-93 च्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे 900 माणसे मेली, त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू. त्यानंतर कितीतरी मुसलमान कुटुंबे जुनी घरे सोडून मुंब्र्याला गेली. आता लोक म्हणतात, हे आपले वेगळेच राहतात. आपल्यालाही आधी गावकुसाबाहेर ठेवले आणि मग म्हटले, यांची वस्तीच वेगळी.

14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. तीत भाडेकरूंना वगळलेले नाही.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात मी हा विषय काढणार आहे. ते गृहस्थ येतातच. त्यांची ती खोली अजून रिकामी आहे.