जीर्णोद्धार: जुन्या सायकलीचा आणि साधनेचा



आपल्यापैकी अनेकांच्या घरी जिन्याखाली किंवा गच्चीच्या कोपऱ्यात एक जुनी पोलादी सायकल उभी असते. आजोबांनी नोकरी लागल्यावर घेतलेली. टायर बसलेले, चेन गंजून आवळलेली, सीटचे चामडे फाटलेले, आणि मडगार्डवर कधीकाळचा नगरपालिकेचा बिल्ला. एक दिवस भंगारवाला दारात येतो, ती उचलून पाहतो आणि किलोचा भाव सांगतो. कोणी म्हणते, “देऊन टाका एकदाची.” आणि घरातले एक माणूस गप्प बसते.

आज आपण त्या गप्प बसणाऱ्या माणसाशी बोलणार आहोत. कारण सायकलीसारखीच आपली साधनाही कधीकधी जिन्याखाली जाते. परीक्षा आली, आजारपण आले, नोकरी बदलली, आणि जप सुटला. आठवड्याचे महिने झाले, महिन्यांचे वर्ष झाले. आता सत्संगाचा निरोप आला की मनात येते, “कोणत्या तोंडाने जाऊ?” हे वाचताना आपल्याला आपलेच काही आठवले असेल, तर हा लेख आपल्यासाठीच आहे.

घसारा म्हणजे मोल नव्हे

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आम्हाला ‘घसारा’ शिकवतात. वस्तू जुनी झाली की दरवर्षी तिची किंमत वहीत कमी करायची. यातली एक पद्धत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्के काढते. या पद्धतीत एक गंमत आहे: किंमत कमी कमी होत जाते, पण गणिताने ती कधीच पूर्ण शून्य होत नाही. काहीतरी उरतेच.

वहीतली किंमत आणि वस्तूचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी 2017 साली जुन्या सायकलींचे संग्रहालय लोकांसाठी खुले केले. तिथल्या सायकलींपुढे उभे राहिले की कळते, भंगार हा वस्तूचा गुण नाही, तो पाहणाऱ्याचा निर्णय आहे. आपणही स्वतःला असेच किलोच्या भावाने मोजत नाही ना?

तिरुप्पणि: दुरुस्ती हीच सेवा

भाषांतराची सेवा करताना एक तमिळ शब्द माझ्या मनात घर करून राहिला, ‘तिरुप्पणि’. ‘तिरु’ म्हणजे श्री, पवित्र. ‘पणि’ म्हणजे काम, सेवा. तमिळनाडूत मंदिराच्या जीर्णोद्धाराला हाच शब्द वापरतात. दुरुस्ती आणि सेवा यांसाठी एकच शब्द!

कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला महालिंगस्वामींचे प्राचीन शिवमंदिर आहे. या क्षेत्राचे संस्कृत नाव मध्यार्जुन, आणि अर्जुनवृक्ष हा तिथला स्थलवृक्ष. मराठी माणसाला हे गाव परके नाही. 1798 साली तंजावरच्या गादीवर सरफोजी राजे दुसरे आले, तेव्हा पायउतार झालेले अमरसिंह राजे याच गावी येऊन राहिले. जवळच गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिर आहे, तिथे कावेरीच्या मुलखात आपले अभंग ऐकू येतात.

त्या भागात मंदिराचा कुंभाभिषेक साधारण दर 12 वर्षांनी करावा अशी रीत आहे. त्याआधी डागडुजी होते. काम चालू असताना देवतेचे चैतन्य विधीपूर्वक ‘बालालय’ नावाच्या छोट्या तात्पुरत्या स्थानी नेतात, आणि पूजा तिथे चालू राहते. मग लाख, मेण, राळ, म्हशीचे लोणी अशा आठ द्रव्यांचे ‘अष्टबंधन’ कुटून तयार करतात आणि मूर्ती पीठाशी पुन्हा घट्ट बसवतात. मूर्ती तीच राहते. तिला धरून ठेवणारे बंधन काळाने सुकते, ते नवे करायचे असते.

आता जुन्या सायकलीकडे पाहा. तिचा सांगाडा तोच असतो. आतले ग्रीस सुकलेले असते.

उकलणे आणि जोडणे

पहिले काम रंगाचे नाही, तपासणीचे. जुन्या पोलादी सायकलीच्या नळ्या सांध्यावर ‘लग’मध्ये बसवून वितळलेल्या पितळेने जोडलेल्या असतात. त्यामुळे थोडी वाकलेली नळी जाणता कारागीर सरळ करू शकतो, सुटलेला सांधा पुन्हा भरू शकतो. वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो. पण पाणी साचते ते खाली, पेडलच्या आसाच्या नळीत, आणि तिथे बाहेरून काही दिसत नाही. नळी आतून खाल्ली गेली असेल, सांध्याला तडा असेल, तर ती सायकल तशीच रस्त्यावर आणू नये. गंजावर चढवलेला रंग म्हणजे गंजाला घातलेला सदरा. साधनेचेही तसेच आहे. मोठा संकल्प जाहीर करण्याआधी एकांतात बसून पाहा, नेमके काय सुटले? आळस होता, दुखावलेपण होते, की शंका होती?

मग उकलायचे. अडकलेला सीटचा दांडा ताकद लावून निघत नाही. तेल सोडायचे आणि रात्रभर थांबायचे. कॉटर पिन काढताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा लागतो. आधार न देता हातोडी मारली, तर घाव पिनऐवजी आतल्या छर्ऱ्यांना आणि वाट्यांना बसतो. घरात कोणाची चूक दाखवायची असेल तेव्हा हे जरूर आठवा. आधी आधार, मग शब्द.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवे पेडल ज्या दिशेने सैल होते, त्याच दिशेने डावे घट्ट होते. दोघेही एकाच सायकलीचे, दोघांनाही एकाच प्रवासाला जायचे असते. एका साधकाला ज्या नियमाने बळ येते, त्याच नियमाने दुसऱ्याचा उत्साह आवळून मरू शकतो. म्हणून दुसऱ्याची प्रकृती न ओळखता त्याच्यावर आपला पाना चालवू नये.

हब उघडला की छर्रे मोजून घ्यावेत. अशा सायकलीच्या मागच्या हबमध्ये बहुधा दर बाजूला 9 असतात. त्यातले दोन-तीनच झिजलेले दिसले तरी सगळा संच बदलावा, नाहीतर भार सारखा वाटला जात नाही. जुने ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने धुवावे, नवे भरावे आणि कोन बसवावा. इथे खरी कसोटी असते. कोन फार आवळला तर चाक अडखळते. फार सैल राहिला तर चाक डुलते. गीतेचा सहावा अध्याय आहार, विहार आणि झोप यांत ज्या मध्यममार्गाची आठवण देतो, तो इथे हाताला कळतो. सुटलेली साधना सुरू करताना आपण बहुधा कोन आवळतो. पहाटे चारला उठणे, दोन तास ध्यान, उपवास. पाचव्या दिवशी चाक अडकते.

शेवटी चाकाचा औट काढायचा. जुन्या उंच सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 आरे असण्याची पद्धत होती. रिम एका बाजूला ओढली गेली असेल, तर समोरच्या बाजूचे आरे थोडे आवळतात आणि या बाजूचे थोडे सैल करतात. पाव फेरा, मग चाक फिरवून पाहायचे. पुन्हा पाव फेरा. एका आऱ्याला पकडून सगळा दोष त्याच्यावर टाकला, तर चाक आणखी बिघडते. कुटुंबाचे चाकही असेच सरळ होते.

टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर मात्र बिनदिक्कत नवे घ्यावेत. ते झिजण्यासाठीच असतात. आणि मूळ रंग टिकला असेल, तर सगळा खरवडू नये. आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेली मूठ, कॅरिअरवर दोरीने पडलेले ओरखडे, तो बिल्ला, हे दोष नाहीत, ही सेवेची नोंद आहे.

दोन दारे

सायकल उभी राहिली. काम संपले का? इथे तिरुविडैमरुदूरची दोन दारे आपल्याला वाट दाखवतात.

वरगुण पांड्य राजाच्या घोड्याखाली नकळत एका ब्राह्मणाचा मृत्यू झाला, अशी कथा आहे. ब्रह्महत्येचा दोष सावलीसारखा त्याच्या मागे लागला. राजा पूर्वेच्या दाराने महालिंगस्वामींच्या मंदिरात शिरला. दोषाला आत येता येईना, तो दाराशी थांबला. राजाने दर्शन घेतले आणि तो पश्चिमेच्या दाराने बाहेर पडला. आजही अनेक भाविक आत आलेल्या दाराने परत जात नाहीत.

या कथेतला बारकावा पाहा. दोष दाराशी वाट पाहत थांबला, असे कथा सांगते. आपण त्याच दाराने परत गेलो, तर तो पुन्हा खांद्यावर बसेल. नवी केलेली सायकल पुन्हा पावसात त्याच भिंतीला टेकवली, तर गंज तिथेच तयार असतो. म्हणून साधना पुन्हा सुरू करताना एक तरी सवय बदला. ज्या वेळी, ज्या जागी, ज्या मोबाइलमुळे ती सुटली होती, ते दार टाळा.

पण पश्चिमेच्या दाराशीही एक गोष्ट आहे. पूर्वेच्या दाराशी पट्टिनत्तार नावाचे विरक्त संत बसत आणि पश्चिमेच्या दाराशी त्यांचे शिष्य भद्रगिरी. भद्रगिरी एकेकाळचे राजे. राज्य सोडले होते. जवळ उरले होते एक भिक्षापात्र आणि मागे आलेले एक कुत्रे. एकदा एक याचक पट्टिनत्तारांपुढे आला. ते म्हणाले, “माझ्याकडे काही नाही. पश्चिमेच्या दाराशी एक संसारी माणूस आहे, त्याला माग.” हे कानी पडताच भद्रगिरींना आपला उरलेला संसार दिसला आणि त्यांनी ते भांडेही फेकून दिले.

सायकल चकचकीत झाली की ती आपले भिक्षापात्र होऊ शकते. कोणाला हात लावू द्यायचा नाही, फोटो काढायचे, कौतुक मोजायचे. पुन्हा सुरू झालेल्या साधनेचाही असाच अहंकार होतो: “मी पाहा कसा परत आलो!” पूर्वेच्या दाराशी जुना दोष उभा असतो आणि पश्चिमेच्या दाराशी नवा अभिमान. जीर्णोद्धार टिकतो तो दोन्ही दारे ओळखणाऱ्याचा.

यावर उपाय सोपा आहे. सायकल चालवा. ती घेऊन दूध आणा, शेजारच्या मुलाला शिकवा, आजारी साधकाला भेटायला जा. वापरातली सायकल गंजत नाही, आणि मिरवायला तिला वेळही राहत नाही.

या आठवड्याचा संकल्प

घरात जुनी सायकल असेल, तर या रविवारी ती उजेडात आणा. फक्त पुसा, चाक उचलून फिरवा, चेनला तेल द्या. पुढचे पुढे पाहू. सायकल नसेल, तर सुटलेल्या साधनेतली एकच गोष्ट निवडा: पाच मिनिटांचे नामस्मरण, एक अध्याय, एक फोन. पाव फेरा पुरे.

आणि सत्संगात बऱ्याच दिवसांनी कोणी आले, तर “इतके दिवस कुठे होतात?” असे विचारू नका. जवळ बसायला जागा द्या. त्यांच्यासाठी तीच तिरुप्पणि.

सर्वांचे कल्याण होवो.